अलाबामा ३५, जॉर्जिया २८ : २०१८ च्या एसईसी अंतिम सामन्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या या सामन्याची दोन-तीन मिनिटांची क्लिप पाहिली तर एवढंच कळतं: मुख्य क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा खेळाडू) लंगडत बाहेर जातो, बाकावरचा येतो आणि संघ जिंकतो. तेवढं खरं आहे, पण अपुरं आहे. हा सामना जॉर्जियाच्या हातात असताना दोन ठिकाणी निसटला, आणि ती दोन्ही ठिकाणं बदली खेळाडूच्या हातात चेंडू नसतानाची आहेत. म्हणून खाली त्या बदली खेळाडूबद्दल, जेलन हर्ट्सबद्दल आहे तितकंच त्या दोन चुकांबद्दलही आहे.

हा सामना नेमका कोणता, कुठला?

१ डिसेंबर २०१८, शनिवार. अटलांटातलं मर्सिडीज-बेंझ स्टेडियम. साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसीचा विजेतेपदाचा सामना. एका बाजूला क्रमांक १ ची अपराजित अलाबामा (प्रशिक्षक निक सेबन), दुसऱ्या बाजूला क्रमांक ४ ची जॉर्जिया (प्रशिक्षक कर्बी स्मार्ट). स्मार्ट हे आधी कित्येक वर्षं अलाबामात सेबन यांच्याच हाताखाली बचावाची बाजू सांभाळत होते. त्यामुळे दोन्हीकडचे डावपेच एकाच तालमीतले होते.

कॉन्फरन्स म्हणजे काय? आणि कॉलेजच्या मुलांच्या सामन्याला सत्तर हजार लोक कशाला जातात?

अमेरिकेतल्या विद्यापीठांचे संघ प्रादेशिक गटांत खेळतात. अशा गटाला कॉन्फरन्स म्हणतात. एसईसी हा दक्षिणेकडचा गट. २०१८ मध्ये त्यात १४ संघ होते, पूर्व विभागात ७ आणि पश्चिम विभागात ७. प्रत्येक संघ गटातले ८ सामने खेळायचा: ६ आपल्या विभागातले आणि २ पलीकडच्या. दोन्ही विभागांचे अव्वल संघ डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी समोरासमोर यायचे. ही पद्धत एसईसीनेच १९९२ मध्ये सुरू केली. पहिला सामना बर्मिंगहॅमला झाला आणि त्यात अलाबामाने फ्लोरिडाला २८-२१ हरवलं.

गर्दीचं म्हणाल, तर अलाबामा राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. तिथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. घराण्याच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो धरून ठेवलेला असतो.

जॉर्जिया म्हणजे जॉर्जिया टेक ना? माझा भाचा तिथे शिकतो.

नाही, आणि हा गोंधळ आपल्याकडे फार होतो. एमएस करायला मराठी मुलं जातात ते जॉर्जिया टेक अटलांटा शहरात आहे आणि त्याची कॉन्फरन्स वेगळी, एसीसी. या सामन्यातली जॉर्जिया म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जिया. ती अथेन्स गावात आहे, अटलांटापासून शंभरेक किलोमीटरवर. दोघांचं आपसात हाडवैर आहे. भाच्यासमोर जॉर्जियाचा लाल टी-शर्ट घालून जाऊ नका.

अमेरिकन फुटबॉल अजिबात कळत नाही. हा सामना समजण्यापुरतं किती लागेल?

मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना १० यार्डांचा एंड झोन. आक्रमक संघाला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. चार डाउनमध्ये १० यार्ड पुढे गेलं की पुन्हा नवे चार. पडद्यावर ‘३ आणि ८’ असं दिसलं तर अर्थ असा की तिसरा डाउन आहे आणि अजून ८ यार्ड हवेत.

चौथा डाउन म्हणजे कबड्डीतली ‘करो या मरो’ चढाई. फरक एवढाच की इथे ती टाळता येते. एक तर लाथेने चेंडू लांब पलीकडे देऊन टाकायचा, हा पंट. नाहीतर खांबांमधून मारून ३ गुण घ्यायचे, हा फील्ड गोल. टाळली नाही आणि यार्ड कमी पडले, तर चेंडू तिथल्या तिथे प्रतिस्पर्ध्याचा.

गुण असे: टचडाउन ६, त्यानंतरची सोपी किक १ (किंवा किकऐवजी पुन्हा एंड झोनमध्ये घुसलात तर २), फील्ड गोल ३. खेळ १५ मिनिटांच्या चार क्वार्टरचा.

क्वार्टरबॅक हा दर चालीला चेंडू हातात घेणारा खेळाडू. पास द्यायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः पळायचं, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो. तो बदलला की संघाची बोलीच बदलते.

गुण कसे कसे झाले?

पहिल्या क्वार्टरमध्ये जॉर्जियाचा क्वार्टरबॅक जेक फ्रॉम याने आयझॅक नॉटाला २० यार्डांचा टचडाउन पास दिला, ७-०. दुसऱ्या क्वार्टरमध्ये अलाबामाच्या जोश जेकब्सने बरोबरी केली. मग डिअँड्रे स्विफ्टने जॉर्जियासाठी लागोपाठ दोन टचडाउन केले, एक धावून आणि एक पास झेलून, २१-७. मध्यंतराआधी जेकब्सने पुन्हा गुण मिळवले, २१-१४.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये फ्रॉमने रायली रिडलीला २३ यार्डांचा पास दिला आणि २८-१४ झालं. (रायलीचा थोरला भाऊ कॅल्व्हिन रिडली अलाबामाकडून खेळून गेलेला. भावाभावांची दोन टोकं.) याच क्वार्टरमध्ये अलाबामाच्या टुआ टॅगोवायलोआने जेलन वॉडलला ५१ यार्डांचा टचडाउन पास दिला, २८-२१.

चौथ्या क्वार्टरमध्ये सुमारे ११ मिनिटं उरली असताना टुआ जायबंदी झाला आणि जेलन हर्ट्स आला. ५:१९ उरले असताना हर्ट्सने जेरी ज्यूडीला १० यार्डांचा पास दिला, २८-२८. १:०४ उरले असताना हर्ट्स स्वतः १५ यार्ड पळत एंड झोनमध्ये शिरला, ३५-२८.

एक गंमत लक्षात घ्या. एकूण गुण ६३, म्हणजे नऊ साते. नऊ टचडाउन, नऊ किका आणि एकही यशस्वी फील्ड गोल नाही. पुढचा प्रश्न त्याच रिकाम्या जागेचा आहे.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये हुकलेल्या त्या फील्ड गोलचं इतकं काय? तीनच तर गुण होते.

तीन गुणांपेक्षा फरकाचा हिशेब बघा. २८-१४ म्हणजे १४ ची पिछाडी: दोन टचडाउन आणि दोन किका, की बरोबरी. ३१-१४ झालं असतं तर पिछाडी १७ ची. १६ पर्यंतची पिछाडी दोन फेऱ्यांत भरून निघते, कारण टचडाउन अधिक दोन गुणांचा प्रयत्न म्हणजे ८. १७ ला मात्र तिसरी फेरी लागतेच. चेंडू तीनदा हातात यायला हवा, आणि मधल्या वेळात समोरच्याने काहीच करता कामा नये.

आणि तो फील्ड गोल लांबचाही नव्हता, ३० यार्डांचा. फील्ड गोलचं अंतर मोजताना चेंडूच्या जागेत साधारण १७ यार्ड मिळवतात: १० एंड झोनचे, कारण खांब त्याच्या मागच्या टोकाला असतात, आणि ७ मागे दिलेल्या चेंडूचे. म्हणजे जॉर्जिया १३ यार्डांच्या रेषेजवळ होती. मारणारा रॉड्रिगो ब्लँकेनशिप साधासुधा नव्हता. अकरा महिन्यांपूर्वी याच मैदानावर, राष्ट्रीय विजेतेपदाच्या जादा डावात त्याने ५१ यार्डांचा मारला होता. ३० यार्डांवरून हुकणं म्हणजे चांगल्या फलंदाजाने फुलटॉस सोडून यष्ट्या उडवून घेणं.

टुआला नेमकं काय झालं होतं?

सहकाऱ्याचाच पाय त्याच्या पायावर पडला आणि घोटा मुरगळला. याला घोट्याच्या वरच्या बाजूची मुरगळ म्हणतात. नेहमीच्या मुरगळीत घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध दुखावतात, या प्रकारात नडगीची दोन हाडं एकत्र बांधून ठेवणारे दुखावतात. पाय रोवून वळताना ती हाडं फाकतात, म्हणून क्वार्टरबॅकला हे फार नडतं. पास देताना त्या पायावर वजन टाकताच येत नाही. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. दोन हाडांतून मजबूत दोरा ओवून दोन्ही बाजूंना बटणासारख्या चकत्या बसवतात. २९ डिसेंबरला तो पुन्हा मैदानात होता आणि ओक्लाहोमाविरुद्ध २७ पैकी २४ पास पोचवून मोकळा झाला.

मात्र दुखापतीवर सगळं ढकलू नका. बाहेर जाण्याआधीही त्याचा दिवस वाईटच चालला होता: २५ पैकी १० पास, १६४ यार्ड आणि दोन इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानेच झेललेले पास. त्या मोसमात तोपर्यंत त्याची इंटरसेप्शन मोजून दोन होती. जॉर्जियाच्या बचावाने एका दुपारी तेवढीच काढली.

हर्ट्सची गोष्ट ‘उलटी’ आहे असं म्हणतात. म्हणजे काय?

८ जानेवारी २०१८. हेच स्टेडियम, हेच दोन संघ, सामना राष्ट्रीय विजेतेपदाचा. तेव्हा अलाबामाचा मुख्य क्वार्टरबॅक हर्ट्स होता. मध्यंतराला जॉर्जिया १३-० ने पुढे. सेबन यांनी हर्ट्सला बाकावर बसवलं आणि पहिल्या वर्षाच्या टुआला उतरवलं. अलाबामाने २०-२० अशी बरोबरी केली आणि जादा डावात टुआने ‘२ आणि २६’ वरून डेव्हॉन्टा स्मिथला ४१ यार्डांचा पास देऊन सामना २६-२३ ने जिंकून दिला.

बाकावर बसवलेल्या हर्ट्सची मुख्य क्वार्टरबॅक म्हणून कामगिरी, तो सामना धरून, २६ विजय, २ पराभव अशी होती. पुढच्या मोसमात टुआ पहिला आणि हर्ट्स राखीव झाला. डिसेंबरमध्ये त्याच मैदानात, त्याच संघाविरुद्ध, पिछाडी असताना टुआच्या जागी हर्ट्स आला. सामना संपल्यावर टीव्हीवर बोलताना एरवी कडक असलेल्या सेबन यांचे डोळे भरून आले होते.

मग तो मधल्या काळात दुसऱ्या विद्यापीठात का गेला नाही? सगळे जातात ना?

आज जातात, तेव्हा ते इतकं सोपं नव्हतं. २०१८ च्या नियमाप्रमाणे पदवी न घेता संघ बदलला तर साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. पदवी हातात असली तर लगेच खेळता यायचं. हर्ट्स डिसेंबर २०१८ मध्ये पदवीधर होणार होता.

दुसरी एक पळवाट त्याच वर्षी निघाली होती. चारपर्यंतच सामने खेळलात तर ते वर्ष कॉलेजकडून खेळायला मिळणाऱ्या चार वर्षांत धरलं जायचं नाही. काही खेळाडूंनी चार सामने होताच हात झटकले. हर्ट्सने तसं केलं नाही. सामने हातात आल्यावर तो अधूनमधून थोडा थोडा वेळ उतरतच राहिला. डिसेंबरच्या त्या दुपारी तो गंजलेला का नव्हता, याचं उत्तर इथे आहे. राखीव क्वार्टरबॅक बहुतेक संघांत सरावाच्या जेमतेम वाट्यावर जगतो. इथे राखीव खेळाडूने दोन पूर्ण मोसम संघ चालवलेला होता आणि चालींची वही त्याला तोंडपाठ होती.

बदली क्वार्टरबॅक आल्यावर जॉर्जियाच्या बचावाचं गणित कुठे बिघडलं?

पहिलं म्हणजे पळण्याची भीती. टुआ मुख्यतः पास देणारा. हर्ट्स ताकदवान धावपटू. क्वार्टरबॅक पळू शकतो म्हटल्यावर बचावाला एक माणूस फक्त त्याच्यावर डोळा ठेवायला राखावा लागतो आणि पास झेलणाऱ्यांना अडवायला एक माणूस कमी उरतो. हर्ट्सने फार पळापळ केली नाही, पाचच वेळा आणि मिळून २८ यार्ड. पण भीती पुरेशी असते. आणि त्या पाचांपैकी एक शेवटचा १५ यार्डांचा होता.

दुसरी गोष्ट प्रेक्षकांच्या नजरेतून हमखास सुटते. टुआ डावखुरा, हर्ट्स उजवा. पास देणारा ज्या बाजूला पाठ करून उभा राहतो ती त्याची आंधळी बाजू. डावखुऱ्याची आंधळी बाजू उजवीकडे, उजव्याची डावीकडे. म्हणजे चालू सामन्यात अलाबामाच्या पुढच्या फळीची जबाबदारी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकली आणि क्वार्टरबॅकची पळून निसटण्याची सोयीची बाजूही बदलली. चेंडूची फिरकीदेखील उलटी होते, झेलणाऱ्याला हात जरा वेगळे लावावे लागतात. जॉर्जियाने आठवडाभर तयारी केली होती ती डावखुऱ्यासाठी.

तिसरं, हर्ट्सने घाई केली नाही. ९ पैकी ७ पास, ८२ यार्ड, एकही इंटरसेप्शन नाही. वॉडलच्या पासइतका लांबचा, डोळे दिपवणारा पास यात नव्हता. तिसऱ्या डाउनला जेवढं हवं तेवढं काढत राहिला.

तो फेक पंट, म्हणजे पंटचं नाटक करून खेळलेली चाल! कर्बी स्मार्ट यांना काय सुचलं होतं?

सर्वात जास्त भांडण याच प्रश्नावर होतं, तेव्हा जरा सविस्तर.

परिस्थिती: २८-२८. उरलेला वेळ ३:०४. चेंडू जॉर्जियाकडे, बरोबर मध्यरेषेवर. चौथा डाउन, ११ यार्ड हवेत. पंटसाठी फळी उभी राहिली, पण चेंडू पंट मारणाऱ्याकडे गेलाच नाही. पुढे उभ्या असलेल्या जस्टिन फील्ड्सकडे गेला. फील्ड्स हा जॉर्जियाचा राखीव क्वार्टरबॅक, चपळ धावपटू. तो दोनेक यार्डांवर अडवला गेला आणि चेंडू अलाबामाला मध्यरेषेजवळ मिळाला.

आता खर्चाचा हिशेब. साधा पंट चांगला पडला असता तर अलाबामाला स्वतःच्या १० यार्डांच्या आसपासून सुरुवात करावी लागली असती. फील्ड गोल मारता येईल अशा जागेपर्यंत, समजा समोरच्या ३० च्या रेषेपर्यंत, तिथून ६० यार्ड होतात. मध्यरेषेजवळून तेच अंतर वीस-बावीस यार्ड. म्हणजे चाळीसेक यार्ड फुकट दिले. बदल्यात मिळणार काय होतं, तर नवा डाउन आणि तोही अजून मध्यरेषेच्या थोडा पुढे.

फेक पंट फसतो कशाने? सहसा तीन कारणं असतात आणि इथे तिन्ही जुळून आली.

अंतर. फेक पंट शोभतो तो दोन-चार यार्ड हवे असताना. ११ यार्ड पळून काढायचे म्हणजे दोन-तीन बचावपटूंना चुकवावंच लागतं.

माणूस. पंटच्या फळीत क्वार्टरबॅक उभा दिसला की समोरच्याच्या मनात पाल चुकचुकतेच. फील्ड्सला तिथे पाहून काहीतरी शिजतंय हे कळायला प्रशिक्षक असण्याची गरज नव्हती.

समोरची तयारी. पंटच्या वेळी बचाव करणारा संघ बहुधा पंट झेलून पळण्यासाठीची खास फळी आणतो. तिथे हलके, वेगवान खेळाडू असतात. अलाबामाने त्या डाउनला आपला नेहमीचा बचावच मैदानात ठेवला होता. पंट झेलून पळण्याचा थोडा फायदा सोडून त्यांनी फसवणुकीची काळजी घेतली. अशा फळीसमोर फेक मारणं म्हणजे दार बंद दिसत असताना धडक देणं.

स्मार्ट यांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की अलाबामा नुकतीच मैदानभर चालत येऊन बरोबरी करून गेली होती आणि चेंडू परत मिळेल याची खात्री त्यांना वाटत नसावी. धाडस करायला हरकत नव्हती. पण समोर मुख्य बचाव दिसल्यावर टाइमआउट घेऊन किंवा खूण करून चाल रद्द करायला हवी होती. फेक पंटमध्ये रद्द करण्याची खूण ठरवलेली असते ती याचसाठी.

शेवटच्या १:०४ मध्ये जॉर्जिया काय करू शकत होती?

बरंच काही. कॉलेजच्या नियमात घड्याळ व्यावसायिक लीगपेक्षा दयाळू होतं. तेव्हा प्रत्येक नव्या पहिल्या डाउनला, चेंडू जागेवर ठेवेपर्यंत घड्याळ थांबायचं. (२०२३ पासून ही सवलत प्रत्येक अर्धातल्या शेवटच्या दोन मिनिटांपुरतीच उरली.) पास जमिनीवर पडला तर घड्याळ पुढच्या चालीपर्यंत थांबतं, आणि शेवटच्या दोन मिनिटांत खेळाडू सीमेबाहेर गेला तरी तसंच. म्हणून अशा वेळी मैदानाच्या कडांकडे पास देतात. मधोमध झेलला तर सेकंद गळत जातात.

फ्रॉमने संघाला मध्यरेषेपलीकडे नेलंही. पण फील्ड गोलच्या तीन गुणांनी भागणार नव्हतं, टचडाउनच हवा होता. शेवटी एंड झोनकडे उंच फेकलेला पास निष्फळ गेला. फ्रॉमची दिवसभराची कामगिरी ३९ पैकी २५ पास, ३०१ यार्ड आणि ३ टचडाउन. आकड्यांत तो दोन्ही अलाबामाकरांपेक्षा सरस. टुआ आणि हर्ट्स मिळून २४६ यार्ड होतात.

सामनावीर हर्ट्स असणार ना?

नाही, जोश जेकब्स. ८ वेळा पळून ८३ यार्ड आणि २ टचडाउन. दर खेपेला दहा यार्डांहून जास्त. टुआचे पास पडत नव्हते तेव्हा अलाबामाला सामन्यात ठेवलं ते जेकब्सने. आठवणीत हर्ट्स राहिला, पण निवड चुकीची नव्हती.

जॉर्जिया इतकी चांगली खेळली, तरी प्लेऑफमध्ये का नाही?

तेव्हा राष्ट्रीय प्लेऑफ चारच संघांचा होता आणि ते चार एक समिती निवडायची. निवड झाली अलाबामा, क्लेमसन, नोत्र दाम आणि ओक्लाहोमा यांची. जॉर्जियाचे दोन पराभव झाले होते, तिला पाचवा क्रमांक मिळाला. एका जागेने हुकलं. नंतर शुगर बोल सामन्यात टेक्सासकडून २८-२१ अशी हारही पदरी आली. अलाबामाने ओक्लाहोमाला ४५-३४ हरवलं, पण ७ जानेवारी २०१९ ला क्लेमसनने त्यांना ४४-१६ असं लोळवलं. म्हणजे या विजयाने अलाबामाला राष्ट्रीय चषक मिळाला हा समज चुकीचा आहे.

पुढे या सगळ्यांचं काय झालं?

हर्ट्स पदवी घेऊन ओक्लाहोमाला गेला आणि २०१९ च्या हाइझमन पुरस्कारात (कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा) जो बरो या खेळाडूच्या मागे दुसरा आला. २०२० मध्ये व्यावसायिक लीगमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला दुसऱ्या फेरीत, ५३ व्या क्रमांकावर निवडलं. ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे त्या लीगच्या अंतिम सामन्यात, ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सला ४०-२२ हरवलं, आणि तिथे मात्र सामनावीर हर्ट्सच होता. टुआला २०२० मध्येच मायामी डॉल्फिन्सने पाचव्या क्रमांकावर घेतलं. फेक पंटवाला फील्ड्स त्या मोसमानंतर ओहायो स्टेटला गेला आणि २०२१ मध्ये शिकागो बेअर्सकडे.

जॉर्जियाचा हिशेब चुकता व्हायला तीन वर्षं लागली. डिसेंबर २०२१ मध्ये अटलांटातच त्यांनी अलाबामाकडून पुन्हा ४१-२४ मार खाल्ला. पण १० जानेवारी २०२२ ला इंडियानापोलिसमध्ये राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात त्याच अलाबामाला ३३-१८ हरवलं.

असे आणखी कुठले कॉन्फरन्स अंतिम सामने पाहावेत?

१९९८ चा बिग १२: कॅन्सस स्टेट चौथ्या क्वार्टरमध्ये २७-१२ ने पुढे, आणि दुसऱ्या जादा डावात टेक्सास ए अँड एम ३६-३३ ने विजयी. २०१६ चा बिग टेन: पेन स्टेट २८-७ ने मागे पडून विस्कॉन्सिनला ३८-३१ हरवते. २०१२ चा एसईसी: पुन्हा अलाबामा आणि जॉर्जिया, ३२-२८. त्यात जॉर्जिया एंड झोनपासून ५ यार्डांवर असताना घड्याळ संपलं. जॉर्जियाच्या समर्थकासमोर हा विषय चहा संपल्यावरच काढा.

आणि ७ डिसेंबर २०२४ चा एसईसी. जॉर्जियाचा क्वार्टरबॅक कार्सन बेक पूर्वार्धाच्या शेवटी जायबंदी झाला, राखीव गनर स्टॉक्टन उतरला आणि जॉर्जियाने टेक्सासला जादा डावात २२-१९ हरवलं. सहा वर्षांनी, त्याच स्टेडियममध्ये, या वेळी राखीव क्वार्टरबॅक त्यांचा होता.

आता पद्धत बदलली का?

हो. २०२४ पासून एसईसीत टेक्सास आणि ओक्लाहोमा धरून १६ संघ आहेत. पूर्व-पश्चिम विभाग गेले, तक्त्यातले पहिले दोन संघ अंतिम सामना खेळतात. राष्ट्रीय प्लेऑफही १२ संघांचा झाला. आजच्या पद्धतीत २०१८ ची जॉर्जिया हरूनही आरामात प्लेऑफमध्ये गेली असती, आणि मग त्या फेक पंटची किंमत एवढी वाटली नसती.

भारतातून असा सामना थेट बघायचा तर किती वाजता?

डिसेंबरमध्ये अटलांटाची वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. २०१८ चा सामना तिथे दुपारी ४ ला सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे अडीचला. साठ मिनिटांचा खेळ थांबत थांबत साडेतीन तासांच्या आसपास चालतो, त्यामुळे निकाल लागेपर्यंत दूधवाला येऊन जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या सामन्यांना साडेनऊ तास धरा. तिथली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात.

पूर्ण सामना बघायला वेळ नाही. कुठून कुठपर्यंत बघू?

तिसऱ्या क्वार्टरमध्ये जॉर्जियाने २८-१४ केलं तिथून सुरू करा. ब्लँकेनशिपची किक सोडू नका. मग थेट चौथ्या क्वार्टरमध्ये ११:१५ च्या आसपास या, टुआ खाली बसतो तिथे. तिथून शेवटपर्यंत सलग बघा. आणि ३:०४ ला चेंडू सुटण्याआधी चित्र थांबवा. पंट मारणाऱ्याच्या पुढे कोण उभा आहे ते शोधा आणि समोर अलाबामाचे कोणते खेळाडू आहेत ते बघा.